डोहाचा अहवाल

मन्मथअप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला माझ्या घरी माठ विसळत होते. फोनवर त्यांची सून महानंदा होती. ती रडत नव्हती. "बाई, अप्पा सकाळी लिंगैक्य झाले. नदीवरनं आले, चहा मागितला, अन् चहा होईस्तोवर..." एवढं म्हणून ती थांबली. त्या क्षणी मनात आलेला पहिला विचार सांगायची लाज वाटते, पण हे लिहायचंच ठरवलं आहे तर तोही लिहायला हवा. मला वाटलं, सुटले. आता मला तो प्रश्न कुणी विचारणार नाही. मग मी तिथंच ओल्या फरशीवर बसले.

लोह्यावरून जाणाऱ्या एसटीनं अहमदपूर गाठलं आणि तिथून जीपनं त्यांच्या गावी गेले. आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे त्यांना बसवलेलं होतं. कपाळाला विभूती, तळहातावर लिंग, मान किंचित पुढे झुकलेली. अप्पा नदीकाठी पाण्याची पातळी वाचायला बसत ते अगदी असेच. लोक बेलपानं टाकत होते, माती देत होते. मी मात्र मागेच उभी राहिले. बाभळीखाली आणखी एक म्हातारा एकटाच उभा होता, काठी दोन्ही हातांनी धरून. ते पिराजीमामा. अप्पांचे शेजारी. दोघांची दारं समोरासमोर, आणि तरी किती तरी वर्षं त्यांच्यात बोलणं नव्हतं. त्यामागचं खरं कारण त्या गर्दीत फक्त मला माहीत होतं.

अप्पा मन्याड नदीवर सरकारी पाणीमोजणीचं काम करत. काठावर दगडात एक उंच पांढरी पट्टी रोवलेली होती, तिच्यावर आकडे. रोज सकाळी आठ वाजता जाऊन पाणी कोणत्या आकड्याला लागलं आहे ते लिहायचं, आणि ठरल्या दिवशी बाटल्यांत नदीचं पाणी भरून लातूरच्या प्रयोगशाळेला पाठवायचं. त्या प्रयोगशाळेत मी होते. तेवीस वर्षांची, उदगीरच्या दुकानदाराची मुलगी, रसायनशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच नोकरीला लागलेली. लातूरही तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. भाड्याच्या घरात आमचं कार्यालय, आणि त्या घराच्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळा. आम्लाच्या बाटल्या देवळीत ठेवलेल्या असायच्या आणि बर्नर चुलीच्या ओट्यावर. अप्पा पहिल्यांदा आत आले ते चपला दाराबाहेर काढूनच. "सैपाकघर हाय ना," म्हणाले. मग देवळीकडे बघून हळूच, "देव लई कडक दिसतेत, बाई." मी हसले. त्या कार्यालयात मी मोकळेपणानं हसलेली ती पहिली वेळ असावी.

नव्या जिल्ह्याचं कौतुक सगळ्यांना होतं, अप्पांनाही होतं. पण त्यातून एक गंमत झाली, आणि तीच पुढे नडली. अप्पांच्या गावाशी लातूर आणि नांदेड जिल्ह्यांची हद्द भिडते. हद्द जुनीच होती, पण आजवर तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता नवं कार्यालय आलं, भिंतीवर कोरे करकरीत नकाशे लागले, आणि कुणाचं काय यावर साहेब लोक पेन्सिल घेऊन बसू लागले. नकाशात असं निघालं की मोजणीची पट्टी लातूरची आणि पट्टीखालचा मोठा डोह नांदेडचा. नांदेडवाले म्हणत, पट्टी ज्याची त्याचाच डोह. अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते विचारात पडले. "मग म्हस डोहात बसली तर तिचं तोंड लातुरात अन् शेपूट नांदेडात. धार कुन्या जिल्ह्याची मनायची?"

त्याच काळात दुष्काळ आला. मन्याड वाहायची थांबली. पट्टीच्या बुडाला कोरडी वाळू आणि त्याखाली तो डोह, तेवढंच पाणी. नियम असा होता की नदी वाहत नसेल तर नमुना घ्यायचा नाही, रजिस्टरमध्ये त्या ओळीवर आडवी रेघ मारायची. बाकी सगळ्या नद्यांवरचे लोक रेघा मारून मोकळे झाले. अप्पांनी रेघ मारली नाही. डोहाच्या काठाला गुरांची छावणी पडली होती, दोन्ही जिल्ह्यांतली जनावरं तिथं दाटीनं बांधलेली. शेण, मूत, वैरणीचा कचरा, सगळं उतारानं डोहाकडे. खताची रिकामी पोती लोक त्याच पाण्यात धुवायचे. आणि काठाच्या वाळूत खड्डे खणून त्यात झिरपलेलं पाणी गावातल्या बाया वाटीनं घागरीत भरायच्या. अप्पा दर आठवड्याला डोहाच्या वरचं आणि तळाचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरायचे. दोरीला दगड बांधून बाटली तळाला सोडायची त्यांची स्वतःची युक्ती होती. घरी ते प्यायचं पाणी पांढऱ्या वस्त्रातून गाळल्याशिवाय घेत नसत. नमुना मात्र कधी गाळायचे नाहीत, फक्त बुचावर त्याच वस्त्राची चिंधी घट्ट बांधायचे. तशा बाटल्यांचं लाकडी खोकं अहमदपूरच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली व्हायचं आणि संध्याकाळपर्यंत माझ्या ओट्यावर यायचं.

पहिलं खोकं घेऊन मी साहेबांकडे गेले. साहेब वाईट नव्हते, त्रासलेले होते. "वाहतं पाणी नाही, म्हणजे नमुना नाही. आणि डोह आपला नाही. टाकून द्या, आणि त्यांना सांगा पाठवू नका म्हणून." मी बाटल्या उघडल्या. वरच्या पाण्यावर हिरवा थर होता आणि तळाच्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास. मी नाक दाबून सगळं मोरीत ओतलं. रसायनं मोजकीच होती, कामं साचलेली होती, ही सगळी कारणं खरी आहेत. पण तपासायचं मनात आणलं असतं तर एका दुपारचं काम होतं तेही खरंच. पाठवू नका असं त्यांना सांगायचं राहिलं. म्हणजे मी सांगितलं नाही. महिनाअखेरीला अप्पा रजिस्टर घेऊन आले, चपला काढल्या, उंबऱ्यात उभे राहिले आणि विचारलं, "अहवाल काय आला, बाई?"

"ठीक आहे, अप्पा."

हे दोन-तीन शब्द माझ्या तोंडून कसे गेले ते मी आजवर शोधते आहे. इतक्या आदरानं विचारणाऱ्या माणसाला, तुमचं पाणी मी मोरीत ओतलं, असं कसं सांगायचं... त्यांचा चेहरा मोकळा झाला. "बरं झालं. गावात सांगतो. बाया भ्याल्या हैत." त्या वेळी मी नजर चुकवून बर्नरची चावी उगाच फिरवत राहिले एवढं आठवतं. पुढच्या महिन्यात तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्या खेपेला मी नजरही चुकवली नाही.

मग एके दिवशी वरच्या अंगाला, अंबाजोगाईच्या बाजूला पाऊस झाला. अप्पांच्या गावावर आभाळ कोरडं ठणठणीत होतं आणि नदीला मात्र पाणी आलं. ते छावणीची जमीन धुऊन डोहात शिरलं आणि तळाशी महिनोन्‌महिने साचलेलं सगळं वर आलं. चौथ्या दिवशी गावात जुलाब-उलट्या सुरू झाल्याचा निरोप आला. आता नदी वाहत होती, म्हणजे नियमात बसत होतं. साहेबांनी जीप दिली आणि मला पाठवलं.

काठावर मेलेल्या माशांची रास होती. पोटं वर, तोंडं उघडी. उरलेले मासे पाण्याच्या पृष्ठावर येऊन हवेसाठी तोंड वासत होते. वास असा की जीपवाला खाली उतरायला तयार होईना. अप्पा पट्टीपाशी उभे होते आणि त्यांच्यासमोर पिराजीमामा. मामांच्या घरची सगळी माणसं अहमदपूरच्या दवाखान्यात होती. त्यातलं कुणी दगावलं नाही, ही पांडुरंगाची कृपा असं मामा पुढे म्हणायचे. पण त्या सकाळी ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मी टँकरची वाट बगत होतो," मामा म्हणाले. "तुमी मनले, पानी तपासलंय, ठीक हाय. तुमच्या शब्दावर पेलो आमी."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातात रिकामी बाटली घेऊन उभी होते. आता सांग, असं माझं मन मला म्हणत होतं, आता सांगितलंस तर सुटशील... आणि मी बाटलीचं बूच काढत होते, पुन्हा लावत होते. अप्पांनी किती वेळ पाहिलं कुणास ठाऊक. मग मामांकडे वळून म्हणाले, "चुकलं माजं."

त्या दिवसाआधी गावात काहीही झालं की लोक अप्पांच्या ओट्याशी येऊन विचारत, पाणी कसं हाय? लग्न ठरलं, बाळंतीण घरी आली, नवी विहीर लागली, की तोच प्रश्न. अप्पा घोटभर तोंडात घेऊन, हिरवं-तांबडं निरखून सांगायचे. त्या सकाळनंतर कुणी विचारलं नाही. पिराजीमामांनी बोलणं टाकलं, बाकी कुणाशी भांडण झालं नाही, बहिष्कार पडला नाही, बोलावणी येत राहिली. फक्त तो प्रश्न बंद झाला. माणसाचा शब्द जातो तो असा, आवाज न करता. महानंदा लग्न होऊन आली ती त्यानंतर. तिला आपले सासरे मुळातच अबोल वाटायचे.

माझ्या खोटेपणाचा अप्पांना पत्ता कसा लागला, हे मला एका गोष्टीवरून उमगलं. तपासलेली बाटली आम्ही आम्लानं धुवायचो, त्यात वरची चिठ्ठी निघून जायची आणि काच लखलखीत व्हायची. दुष्काळातल्या त्या बाटल्या मात्र मी नुसत्या उपड्या करून परत धाडल्या होत्या. त्यांच्या चिठ्ठ्या तशाच होत्या आणि गळ्याशी हिरवी कड. आधी विश्वासापोटी त्यांनी निरखलं नसेल, पण ज्या माणसाला नदी एक बोटभर चढलेली कळते त्याला त्या सकाळनंतर ही कड दिसली नसेल का? पण ते काही बोलले नाहीत. महिनाअखेरीला येत राहिले, चपला काढत राहिले. फक्त अहवाल काय आला, हे विचारायचे थांबले. त्या न विचारण्याची मला धास्ती बसली. महिनाअखेर जवळ आली की मी देवळीतल्या बाटल्या उगाच पुन्हा पुन्हा लावत बसायची.

काही वर्षांनी खात्यानं मला प्रशिक्षणासाठी काकिनाड्याला पाठवलं. आपली गोदावरी समुद्राला मिळते त्याच्या शेजारीच तिथलं आखात. मन्याड मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला, आणि गोदावरी इतकं अंतर तुडवून तिथं जाते. शिकवणारे गृहस्थ आम्हाला होडीतून फिरवायचे. ते सांगत की शेतातलं खत, गावांची घाण, सगळं नदी आखातात आणून ओतते. पण आखाताचं काय होणार हे फक्त किती आलं यावर नसतं, पाणी फिरतं किती यावरही असतं. भरती-ओहोटीनं, वाऱ्यानं जिथलं पाणी ढवळलं जातं तिथं ती घाण विरते, दूर जाते. जिथं ते कोपऱ्यात कोंडून राहतं तिथं हिरवा तवंग माजतो, तो मरून तळाला कुजतो आणि तळाचा प्राणवायू संपवतो. मग एखादा लोंढा येतो आणि तळ वर येतो. होडीत सगळे वही काढून लिहीत होते. मला ते शिकायची गरज नव्हती. मला मन्याडच्या डोहाच्या तळातली बाटली आठवत होती. त्यांनी आम्हाला नद्यांच्या नोंदींचा एक भला मोठा तक्ता दाखवला. त्यात आमच्या भागापुढे दुष्काळाच्या महिन्यांत रेघा होत्या, आणि रेघांनंतर एकदम घाणीचा मोठा आकडा. "इथं आधी काहीच नाही आणि मग अचानक एवढं, हे कुठून आलं असेल?" त्यांनी विचारलं. सगळ्यांबरोबर मीही मान हलवली, माहीत नाही म्हणून.

परतल्यावर मी मुद्दाम अप्पांच्या गावी गेले. या खेपेला सांगायचंच असं ठरवून गेले होते. महानंदानं शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी वाढली. मी समुद्राचं वर्णन करत राहिले. अप्पांनी समुद्र पाहिलेला नव्हता. ऐकता ऐकता म्हणाले, "खरं हाय त्यांचं. पानी फिरलं पायजे. एका जागी बसलं की त्येचं पानीपन जातं." मग थोड्या वेळानं विचारलं, "आपल्या डोहातलं तिथवर जातंय का, बाई?"

"जातं, अप्पा."

"मग तिथल्यांनी तरी तपासलं आसंल."

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता, याची मी शपथ घेईन. त्यांना खरोखर तसं वाटत होतं, आणि त्यात त्यांना बरं वाटत होतं. मी हातातला घास ताटात ठेवला. महानंदानं पाणी दिलं. पांढऱ्या वस्त्रातून गाळलेलं पाणी... ते पिऊन मी उठले, आणि न सांगताच एसटी धरली.

त्यानंतर आम्ही पुष्कळदा भेटलो. ते निवृत्त झाले, मी झाले. निवृत्तीनंतरही ते रोज आठ वाजता पट्टीपाशी जायचे. पट्टीचा रंग उडाला होता, आकडे पुसले होते, खात्यानं ती जागा केव्हाच सोडली होती. शेवटची भेट यंदाच्या संक्रांतीची. त्यांना नीट दिसत नव्हतं. मी पाया पडले तर डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "लेकी, यंदा पुन्ना नदी लौकर थांबली." मी म्हटलं, "हो, अप्पा." बाहेर पडताना उंबऱ्यात मी क्षणभर थांबले होते. ते बहुधा वाट पाहत होते. मी चप्पल घातली.

मातीला जाऊन आल्यावर महिनाभरानं महानंदानं पुन्हा बोलावलं. अप्पांच्या खोलीत एक कोनाडा आहे. त्यात त्यांची स्वतःची वही होती, सरकारी रजिस्टरसारखेच रकाने आखलेली. तारीख, वेळ, पाणी वाहतं की उभं, नमुना, आणि शेवटी अहवाल. दुष्काळाच्या त्या महिन्यांची पानं मी उघडली. अहवालाच्या रकान्यात आधी काही तरी लिहिलेलं होतं आणि ते ब्लेडनं अगदी जपून खरवडलेलं होतं. कागद उजेडात धरला तर ठीक ही अक्षरं दिसत होती. खरवडून त्यांनी तिथं दुसरं काही लिहिलं नव्हतं. रकाना मोकळा ठेवला होता. पुढची पानं उलटली तर प्रत्येक उन्हाळ्यात नमुना घेतल्याची नोंद आणि अहवालाचा रकाना मोकळा. शेवटची नोंद त्यांच्या मरणाच्या सकाळची, अक्षर वाकडंतिकडं झालेलं. कोनाड्यात वहीशेजारी चिंधी बांधलेली एक बाटली.

"दर उन्हाळ्याला भरायचे," महानंदा म्हणाली. "कुठं धाडायची मनलं तर मनायचे, बाई येतील तवा देऊ. पावसाळा लागला की नदीत ओतून टाकायचे. तुमी इतक्या डाव आल्या, पन दिली न्हाई. मनायचे, मागितल्याबिगर न्हाई द्यायचं."

मी त्याच जागी बसून तिला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मला सांगून काय करता, बाई," आणि समोरच्या, पिराजीमामांच्या दाराकडे बघितलं.

महिनाभर ठेवलेल्या नमुन्याला अर्थ नसतो, हे मला कळतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मीच डोहावर गेले. काठाला हल्ली छावणी नाही, पण उसाची शेतं थेट पाण्याला भिडली आहेत आणि तवंग तसाच आहे. दोरीला दगड बांधून बाटली तळाला सोडली. पहिल्या दोन वेळा रिकामीच वर आली. चिंधी बांधली तर गाठ सैल बसली, पुन्हा बांधली. नांदेडला माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या प्रयोगशाळेत बसून स्वतःच्या हातानं तपासलं. काय निघणार ते वासावरूनच माहीत होतं, तरी एकही पायरी गाळली नाही.

गेल्या आठवड्यात वही घेऊन अप्पांच्या ओट्यावर बसले. दुष्काळाच्या एकेका ओळीपुढे लिहिलं, 'तपासले नाही', शेवटी मी तपासलेल्या बाटलीची नवी ओळ घालून तिचा अहवाल भरला, आणि खाली सही केली. मग पिराजीमामांच्या दारात गेले आणि ती पानं त्यांना वाचून दाखवली. मामांना आता ऐकू कमी येतं, दोनदा वाचावं लागलं. मोठ्यानं. ओट्याओट्यांवर माणसं थांबून ऐकत होती. मामांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "मग त्यो का न्हाई बोलला?" त्यांनी विचारलं. मी वहीचं पान सरळ केलं. "समोरच ऱ्हात होतो आमी," ते म्हणाले, आणि काठी उचलून अप्पांचं दार दाखवलं.

मी परत येऊन वही मिटत होते, तेवढ्यात काठी टेकत मामा रस्ता ओलांडून आले. त्या ओट्याची पायरी ते इतक्या वर्षांत चढले नव्हते. वर येऊन, दम घेऊन, अप्पांची जागा सोडून ते बाजूला बसले. उघड्या दारातून कोनाड्यातल्या बाटलीकडे बघत त्यांनी विचारलं, "पानी कसं हाय?"

मी वही पुन्हा उघडली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "पिऊ नका, मामा."

"बरं," ते म्हणाले. मग मान वळवून आतल्या मोकळ्या खोलीकडे बघत, जरा मोठ्यानं म्हणाले, "न्हाई पेत, अप्पा."